आधी हात बघा: डॉक्टरांची जुनी चित्रं कशी वाचायची

आमच्या गावातल्या डॉक्टरांबद्दल लोक एकच वाक्य बोलायचे: "त्यांच्या हाताला गुण आहे." तालुक्याच्या दवाखान्यात मिळायचं तेच लाल मिक्श्चर, तशाच कागदात बांधलेल्या पुड्या. तरी माणसं दोन-दोन तास बाकावर बसून राहायची, ती त्या हातासाठी. बाकासमोरच्या भिंतीवर डॉक्टरांच्या वडिलांची तसबीर होती, चंदनाचा हार घातलेली. तेही डॉक्टरच. काळा कोट, डोक्यावर टोपी आणि उजवा हात टेबलावरच्या जाडजूड पुस्तकावर. अंगात ताप घेऊन मी ती तसबीर इतक्यांदा पाहिली आहे, तरी चेहरा आता आठवत नाही. पुस्तकावरचा हात मात्र लख्ख आठवतो.

पुढे डॉक्टरांची आणि वैद्यकाच्या प्राध्यापकांची जुनी चित्रं बघायचा नाद लागला. सुरुवातीला कंटाळाच येतो. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या मेडिकल कॉलेजांत प्रोफेसर निवृत्त व्हायला आले की विद्यार्थी वर्गणी काढून त्यांचं तैलचित्र करून घेत. त्यामुळे अशी चित्रं ढिगाने आहेत आणि बहुतेक एका साच्यातली: दाढी, काळा कोट, गंभीर चेहरा, मागे अंधार. दहा चित्रांनंतर कोण कुठला, काही कळेनासं होतं. तेव्हा ती बाकावरची सवय कामी आली. चेहरा सोडा, आधी हात बघा. हातात काय आहे, हात कशाला टेकलाय, स्वच्छ आहे की माखलेला. त्या काळात डॉक्टर म्हणजे काय समजलं जायचं, ते चेहऱ्याच्या आधी हात सांगून टाकतो.

याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागतं. युरोपात कित्येक शतकं 'डॉक्टर' म्हणजे विद्यापीठात शिकलेला, लॅटिन ग्रंथ वाचणारा विद्वान माणूस. तो रोग ओळखायचा, सल्ला द्यायचा, औषध लिहून द्यायचा. कापाकापी, रक्त, पू हे त्याच्या प्रतिष्ठेला शोभणारं काम नव्हतं. ते न्हाव्यांकडे. आपल्याकडेही गळू कापायला आणि तुंबड्या लावायला न्हावीच असायचा, वैद्यबुवा नाडी बघायचे. लंडनमध्ये तर १५४०पासून न्हावी आणि सर्जन यांचा एकच अधिकृत संघ होता. ते वेगळे झाले १७४५मध्ये. त्या जुन्या भेदाची खूण इंग्लंडमध्ये अजून शिल्लक आहे. तिथे फिजिशियनला 'डॉक्टर' म्हणतात आणि सर्जनला 'मिस्टर'. एफआरसीएस ही तिथली सर्जनची पदवी करायला गेलेल्या आपल्याकडच्या सर्जनांना 'डॉक्टर'चं 'मिस्टर' झालं की बढती समजायची, हे पचवायला वेळ लागतो.

म्हणून अगदी जुन्या युरोपीय चित्रांत डॉक्टरच्या हातात काय दिसतं? लघवीची बाटली. गोल बुडाची काचेची कुपी उजेडाकडे धरलेली, आणि डॉक्टर तिच्यातला रंग निरखतोय. आज आपण गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की डॉक्टर ओळखतो, तशी तेव्हा ती बाटली. रोग्याला हात न लावता रोग ओळखणारा तो डॉक्टर, असा त्या चित्राचा दावा. हात आहे, पण रोग्यापासून चार हात लांब.

हा संकेत ज्याने ठरवून मोडला तो आंद्रियास व्हेसॅलियस. इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात तो शरीररचना शिकवायचा. त्याच्या आधीच्या वर्गाचं दृश्य असं: प्रोफेसर उंच खुर्चीवर बसून गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचणार, खाली न्हावी प्रेत कापणार, आणि तिसरा एक जण काठीने अवयव दाखवणार. ग्रंथ आणि प्रेत यांचं जुळलं नाही तर चूक प्रेताची! गेलनने बरीच कापाकापी माकडांवर आणि डुकरांवर केली होती, त्यामुळे न जुळणाऱ्या गोष्टी भरपूर होत्या. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, असं गेलन सांगून गेला होता. प्रत्यक्षात ते एकच हाड आहे, हे व्हेसॅलियसने दाखवलं, कारण तो खुर्चीवरून खाली उतरला आणि सुरी स्वतःच्या हातात घेतली.

१५४३मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला त्याचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात त्याचं स्वतःचं एक चित्र आहे, लाकडाच्या ठशाने छापलेलं, वय २८ अशी नोंद असलेलं. आता हात बघा. व्हेसॅलियसने एका प्रेताचा सोललेला हात धरलाय. कातडी निघालेली, आतले स्नायू आणि बोटांकडे जाणाऱ्या दोऱ्या मोकळ्या दिसतायत, आणि तो सरळ आपल्याकडे बघतोय. हृदय, मेंदू, डोळा, सगळं शरीर समोर असताना त्याने दाखवायला निवडला तो हातच. हाताने काम करण्याला कमी लेखणाऱ्या विद्वानांना दिलेलं हे उत्तर होतं, असं मला वाटतं. ग्रंथाच्या पहिल्या पानावरचं चित्र तर चावटच आहे. मध्ये टेबलावर प्रेत, शेजारी स्वतः व्हेसॅलियस, भोवती खच्चून गर्दी. आणि ज्यांचं काम त्याने काढून घेतलं ते न्हावी टेबलाखाली बसलेत, सुऱ्यांना धार लावण्यावरून भांडत.

आता जगातलं डॉक्टरांचं सगळ्यात गाजलेलं चित्र घेऊ. सन १६३२, गाव अॅमस्टरडॅम, चित्रकार रेम्ब्रांट, वय अवघं २५. चित्र सर्जनांच्या संघाने काढून घेतलेलं. मध्ये डॉ. निकोलास टुल्प, समोर प्रेत, भोवती सात जण. हा सात जणांचा मामला आधी समजून घ्यायला हवा. ते विद्यार्थी नव्हेत. संघाचे सभासद, म्हणजे कमावते सर्जन. चित्रात चेहरा यावा म्हणून त्यांनी पैसे भरलेले. आपल्याकडे स्मरणिकेत फोटो यावा म्हणून देणगी देतात, तसाच हिशेब. म्हणूनच प्रत्येकाचा चेहरा नीट उजेडात आहे. कोणी पुस्तकाकडे बघतोय, कोणी टुल्पच्या चिमट्याकडे, एक-दोघे थेट आपल्याकडे. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकही बघत नाही. टोपी फक्त टुल्पच्या डोक्यावर आहे, कारण तो संघाचा व्याख्याता, विद्यापीठात शिकलेला डॉक्टर, बाकीचे सर्जन. वर सांगितलेला भेद इथे एका टोपीत उरलाय.

'टुल्प' हे त्याचं खरं नाव नव्हे. जन्मनाव क्लास पिटर्सझोन. ट्यूलिपचं फूल त्याने आपलं चिन्ह म्हणून घेतलं आणि पुढे तेच आडनाव केलं. हॉलंडमध्ये तेव्हा ट्यूलिप म्हणजे श्रीमंती शौक. गडी पुढे अॅमस्टरडॅमचा महापौरही झाला.

प्रेत कोणाचं? आद्रियान आद्रियान्सझोन, टोपणनाव आरिस किंट. चोरीदरोड्याच्या गुन्ह्यात त्याला त्या जानेवारीत फाशी झाली होती. शवविच्छेदनाला कायद्याने मिळायची ती फाशी गेलेल्यांचीच प्रेतं, आणि संघाला वर्षातून एकदाच असा जाहीर कार्यक्रम करता येई. तोही हिवाळ्यात, कारण थंडीत प्रेत जरा जास्त टिकतं. लोक पैसे देऊन बघायला यायचे.

इथेच चित्रातली गोम आहे. प्रेत कापताना सुरुवात पोटापासून होते, कारण आतडी सगळ्यांत आधी कुजतात. चित्रात पोट अखंड आहे आणि सोललाय तो फक्त डावा हात. असं प्रत्यक्षात कोणी करणार नाही. मग रेम्ब्रांटने असं का रंगवलं? टुल्पच्या दोन्ही हातांकडे बघा. उजव्या हातातल्या चिमट्याने त्याने प्रेताच्या हातातला एक स्नायू उचलून धरलाय. डावा हात हवेत आहे, बोटं अर्धी वाकलेली. वरवर बघताना वाटतं की बोलता बोलता हातवारे चाललेत. तसं नाही. चिमट्यातला स्नायू काय काम करतो, ते तो स्वतःच्या बोटांनी करून दाखवतोय.

हे तुम्हालाही आत्ता करून बघता येईल. डावा हात तळवा वर करून मांडीवर ठेवा. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाच्या चार-पाच बोटं खाली, कोपराच्या दिशेने, जरा दाबून ठेवा. आता डावी मूठ हळूहळू मिटा आणि उघडा. कातडीखाली काहीतरी सरकतं, ताणतं, पुन्हा ढिलं पडतं. बोटं वाकवणारं यंत्र बोटांत नाहीच, ते इथे खाली आहे. कळसूत्री बाहुलीचे दोरे वर कोणाच्या तरी हातात असावेत, तसे हे स्नायू कोपराजवळून निघतात आणि लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात. टुल्पने उचललेला स्नायू अंगठा सोडून बाकी चार बोटांचे मधले सांधे वाकवतो. टुल्पच्या डाव्या हाताची बोटं बघा, वाकलीत ती त्याच सांध्यात. एका मेलेल्या चोराचा हात आणि एका जिवंत डॉक्टरचा हात, दोन्हीकडे एकच यंत्र. एक उघडून दाखवलेलं, एक चालू स्थितीत. आणि व्हेसॅलियसने नव्वद वर्षांपूर्वी हातच धरला होता, हे बघणाऱ्या सर्जनांना पाठ असणार. टुल्प म्हणजे नवा व्हेसॅलियस, हे चित्रकाराने न लिहिता म्हटलं.

गंमत म्हणजे रेम्ब्रांटने तो स्नायू बरोबर जागी काढलाय का, यावर हाताचे सर्जन अजून वाद घालतात. काहींनी तर तुलना करायला खऱ्या प्रेताचा हात त्याच पद्धतीने सोलून पाहिला आहे. चित्र आज द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. १८२८मध्ये सर्जनांच्या विधवांच्या निधीसाठी ते विकायला काढलं होतं, तेव्हा राजा पहिला विल्यम याने ते देशाबाहेर जाऊ दिलं नाही.

आता अडीचशे वर्षं पुढे, आणि समुद्रापलीकडे. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. १८७५मध्ये टॉमस एकिन्स या तिथल्याच चित्रकाराने जेफरसन मेडिकल कॉलेजचे प्रोफेसर सॅम्युएल ग्रॉस यांचं चित्र काढलं. आठ फूट उंच, साडेसहा फूट रुंद. ग्रॉस सत्तर वर्षांचे. चाललंय ऑपरेशन. पायऱ्यापायऱ्यांच्या गोल सभागृहात विद्यार्थी अंधारात बसलेत, मध्ये टेबलावर एक तरुण मुलगा. मुलाचा चेहरा दिसत नाही, भुलीच्या औषधात भिजवलेलं फडकं त्यावर धरलंय. दिसते ती उघडी मांडी, तिच्यावरची चीर आणि पायातले मोजे. डाव्या बाजूला काळ्या कपड्यांतली एक बाई, बहुधा मुलाची आई, तोंड झाकून घेतेय, तिची बोटं आकड्यांसारखी वळलीत. चित्रात उजेड ठळक पडलाय तो त्या मांडीवर, प्रोफेसरांच्या कपाळावर आणि त्यांच्या उजव्या हातावर. त्या हातात सुरी आहे. हात रक्ताने लाल.

ऑपरेशन काय होतं तेही सांगतो, कारण चित्राची मिजास त्यात आहे. मुलाच्या मांडीच्या हाडात पू झालेला. हाडाचा काही भाग मरतो आणि आत सडत राहतो. त्याआधी अशा रोग्याचा पाय सरळ कापून टाकत. इथे मेलेला तुकडा तेवढा काढायचा आणि पाय वाचवायचा. म्हणजे रक्ताळलेला हात इथे कसाईपणा दाखवत नाही, पाय राखणारं कसब दाखवतो. तरीही लोक हादरले. १८७६मध्ये अमेरिकेच्या शंभराव्या वर्षाचं भव्य प्रदर्शन फिलाडेल्फियातच भरलं, तिथे कलादालनाने हे चित्र नाकारलं. मग ते लागलं लष्कराच्या नमुनादाखल उभारलेल्या रुग्णालयात, खाटांच्या संगतीत. पुढे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी ते २०० डॉलरला घेतलं. २००६मध्ये ते ६ कोटी ८० लाख डॉलरला शहराबाहेर जायला निघालं, तेव्हा फिलाडेल्फियाच्या लोकांनी पैसे उभे करून ते रोखलं.

पण आजच्या डॉक्टरला या चित्रात रक्तापेक्षा दुसरीच गोष्ट टोचेल. ग्रॉस रस्त्यावरच्या काळ्या कोटात आहेत. त्यांचे मदतनीसही. उघड्या हातांनी जखमेत काम चाललंय. ज्या कोटात ऑपरेशन, त्याच कोटात घरी. कोटावरचे जुने डाग म्हणजे अनुभवाची पदकं, असं मानणारे सर्जन तेव्हा होते. ब्रिटनमध्ये सर्जन जोसेफ लिस्टरने १८६७मध्येच लिहून ठेवलं होतं की जखमा सडतात त्या जंतूंमुळे, आणि कार्बोलिक आम्लाने धुतलं तर ते मरतात. जुन्या लाल साबणाला जो वास यायचा, तो या कार्बोलिकचाच. लिस्टर १८७६मध्ये स्वतः फिलाडेल्फियाच्या वैद्यक परिषदेत येऊन हे सांगून गेला. परिषदेचे अध्यक्ष कोण? ग्रॉसच. त्यांना काही ते पटलं नाही. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने तर १८४७मध्येच प्रसूती विभागातल्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आणले होते. त्यालाही त्या वेळी फारसं कोणी विचारलं नाही. 'तुमच्या हाताला गुण आहे' हे ऐकायची सवय झालेल्याला 'तुमच्या हाताला जंतू आहेत' हे ऐकवणार कसं?

याची मोठी किंमत मोजली ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने. २ जुलै १८८१ रोजी जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळी झाडली गेली. गोळी शोधायला एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि सळ्या जखमेत घातल्या. जखम चिघळली, शरीरभर पू झाला, आणि १९ सप्टेंबरला ते गेले. त्यांच्यावर उपचार करायला बोलावलेल्या नामांकित सर्जनांत फिलाडेल्फियाचे डी. हेज अॅग्न्यू होते.

हेच अॅग्न्यू १८८९मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून निवृत्त होत होते. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, ७५० डॉलर, आणि चित्रकार म्हणून पुन्हा एकिन्सलाच गाठलं. त्याने तीन महिन्यांत पूर्ण केलेलं हे चित्र दहा फुटांच्या आसपास रुंद आहे. आधीच्या चित्राशेजारी ठेवलं की चौदा वर्षांत काय बदललं ते शब्दाविना कळतं. काळे कोट गेले. सर्जन, मदतनीस, सगळे पांढऱ्यात. हत्यारं झाकलेल्या पेटीत. बाजूला पांढऱ्या टोपीतली प्रशिक्षित नर्स, ताठ उभी. लिस्टर जिंकला होता. आणि हात? अॅग्न्यूंच्या हातात सुरी आहे, पण हात स्वच्छ. एकिन्सला रक्त दाखवायचं होतं, अॅग्न्यूंनी हरकत घेतली, असं सांगतात. ग्रॉसच्या चित्रात लाल हात म्हणजे कसब. अॅग्न्यूच्या चित्रात स्वच्छ हात म्हणजे शास्त्र.

टेबलावर एक बाई आहे, स्तनाचं ऑपरेशन चाललंय. आणि अंधारातल्या बाकांवर शिकणारे सगळेच्या सगळे पुरुष. सभागृहात बायका दोनच, एक रुग्ण आणि एक नर्स. हे आपोआप झालेलं नाही. १८६९च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी पेन्सिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये व्याख्यानाला आल्या, तेव्हा मुलांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे मारले, तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. पुढे मुलींना मुलांसोबत बसवायची वेळ आली, तेव्हा त्या हॉस्पिटलचं काम सोडून जाणाऱ्यांत अॅग्न्यू होते.

आणि ज्या कॉलेजच्या मुलींवर ते बोळे पडले, त्याच कॉलेजात १८८३ साली कल्याणची एक मुलगी दाखल झाली. आनंदीबाई जोशी.

ग्रॉसचं चित्र आणि अॅग्न्यूचं चित्र यांच्या बरोबर मधल्या काळात, त्याच शहरात, आपली एक बाई डॉक्टरकी शिकत होती. या तैलचित्रांकडे मराठी माणसाने नुसतं 'परदेशी कला' म्हणून बघू नये ते यासाठी. तिचा मात्र फोटो आहे. तारीख १० ऑक्टोबर १८८५. कॉलेजच्या डीनने दिलेल्या मेजवानीच्या प्रसंगी तीन विद्यार्थिनी फोटोला बसल्यात: साडीतली आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी, आणि भरजरी पोशाखातली दमास्कसची सबात इस्लामबुली. खाली तिघींची नावं आणि गावं.

या फोटोला वरचीच कसोटी लावा. हातात सुरी नाही, पुस्तक नाही, सोललेला हात नाही, बाटली नाही. पुरुष प्रोफेसरांच्या चित्रात 'हा काय करतो' ते दाखवलंय. इथे 'ह्या कुठून आल्या' तेवढंच. फोटो बघून कोणी म्हणणार नाही की या तिघी शरीररचना शिकतायत. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, आनंदीबाईंना पदवी मिळाली. हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. हातगुण बघायची संधीच कोणाला मिळाली नाही.

कधीकधी मात्र डॉक्टरचा नाही, रुग्णाचा हात बघावा लागतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले प्रोफेसर शार्को यांचं आंद्रे ब्रुइये याने १८८७मध्ये काढलेलं एक अवाढव्य चित्र आहे. शार्को 'हिस्टेरिया'वर धडा देतायत, पुढ्यात ब्लांश विटमन नावाची रुग्ण मदतनिसाच्या हातांवर कलंडलीय. तीसेक पुरुष बघतायत. तिचा एक हात वेडावाकडा आखडलाय, सगळ्यांचं लक्ष त्यावर. पण तुम्ही मागची भिंत बघा. तिथे झटक्यात कमानीसारख्या वाकलेल्या रुग्णाचं मोठं चित्र टांगलंय, आणि ते ब्लांशला समोर दिसेल अशा जागी आहे. म्हणजे आजाराची लक्षणं बघून चित्र काढलं, की चित्र बघून लक्षणं आली? चित्रकाराने हे मुद्दाम केलं का, कोण जाणे. पण एकदा दिसलं की मग ते चित्र शार्कोंच्या बाजूचं राहत नाही.

आता शेवटचं. १९०६, चित्रकार जॉन सिंगर सार्जंट. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स मेडिकल स्कूलचे चार संस्थापक प्रोफेसर: वेल्च, ऑस्लर, हॉल्स्टेड, केली. काळे झगे, टेबलावर जुने ग्रंथ, मागे भला मोठा पृथ्वीचा गोल. रुग्ण नाही, सुरी नाही, रक्ताचा थेंब नाही. एकिन्सला जे दाखवायला झगडावं लागलं ते सगळं इथून गायब आहे. डॉक्टर पुन्हा ग्रंथांपाशी येऊन बसलाय, पण आता त्याला सिद्ध करायचं काही उरलेलं नाही. चित्र म्हणून मला ते थंड वाटतं. टुल्पच्या बोटांत जी उत्सुकता आहे ती इथे नाही.

तरी मागे अंधारात उभ्या असलेल्या हॉल्स्टेडकडे जरा थांबून बघा. सार्जंटला तो आवडला नाही म्हणून उडून जाणाऱ्या रंगात रंगवला, अशी एक दंतकथा हॉपकिन्समध्ये सांगतात. ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे वापरायची चाल याच माणसाकडून पसरली. तीही जंतूंच्या विचाराने सुरू झालेली नाही. त्याच्या ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स, कॅरोलाइन हॅम्प्टन, हिचे हात जंतुनाशकातल्या पाऱ्याच्या क्षाराने फुटायला लागले. हॉल्स्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करून घेतले. १८९०मध्ये दोघांचं लग्न झालं. हातमोजे सगळ्यांनीच घातले तर रोग्याची जखम कमी चिघळते, हे हळूहळू पुढे ध्यानात आलं. तेव्हापासून सर्जनचा उघडा हात ऑपरेशन थिएटरमधून गेला.

या चौघांचं चित्र काढून घेतलं ते मेरी गॅरेट नावाच्या बाईने. रेल्वेतून पैसा कमावलेल्या घरातली ही अविवाहित लेक. हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल पैशाअभावी अडलं होतं, तेव्हा तिने तीन लाख डॉलरहून जास्त दिले, आणि अट घातली: मुलींना मुलांच्याच बरोबरीने, त्याच नियमांनी प्रवेश. चारही विद्वानांच्या संस्थेला ती मान्य करावी लागली आणि १८९३मध्ये पहिल्या वर्गात मुली बसल्या. चौघांच्या चित्रात ती अर्थातच नाही. तिचं वेगळं चित्र सार्जंटनेच १९०४मध्ये काढलं आहे.